डुक्कर नफ्यात की तोट्यात? कार निकोबारच्या जोडशेतीचं एक प्रकरण

आधी एक साधा हिशेब. 2024 च्या हंगामात तेलाच्या खोबऱ्याची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 11,160 रुपये होती. लहान नारळ धरले तर किलोभर सुक्या खोबऱ्याला सात तरी लागतात, म्हणजे एक नारळ सोळा रुपयांना पडला. घरच्या एका डुकराला रोज तीन नारळ घातले असं समजू. वर्षाचे झाले 1,095 नारळ, त्यांचं खोबरं साधारण 156 किलो, आणि त्याची किंमत सतरा हजारांच्या वर. दोन वर्षं पोसलं की पस्तीस हजार. एवढं करून हे डुक्कर विकायचं नाहीच. सणाला कापायचं आणि आल्यागेल्याला वाटून टाकायचं.

कागदावर याहून बुडीत धंदा सापडणार नाही. बँकेकडे असा प्रकल्प अहवाल नेला तर साहेब चहासुद्धा विचारणार नाहीत. तरी कार निकोबारचं घरदार पिढ्यानपिढ्या याच धंद्यावर उभं होतं. तिथे ‘एकात्मिक शेती’च्या योजना आल्या त्या 2004 च्या त्सुनामीनंतर. त्यांतलं काय रुजलं आणि काय अधांतरी राहिलं हे पाहायचं, तर या डुकरापासूनच सुरुवात करावी लागते.

बेट आणि तुहेत

अंदमान म्हटलं की मराठी माणूस सेल्युलर जेलपाशी थांबतो. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम्) समुद्राने आणखी सुमारे 270 किलोमीटर दक्षिणेला गेलं की कार निकोबार लागतं. जवळपास सपाट, प्रवाळाच्या चुनखडीवर बसलेलं, सुमारे 127 चौरस किलोमीटरचं बेट. कोकणातल्या एखाद्या लहान तालुक्यापेक्षाही छोटं. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही मोसमी वाऱ्यांचा. कोरडे म्हणावेत असे महिने जानेवारी ते एप्रिल. एवढा पाऊस पडूनही बेटावर नदी नाही, कारण पाणी प्रवाळातून सरळ खाली झिरपतं. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो आणि विहिरी त्यातून भरतात. हा थर जास्त उपसला की खालचं खारं पाणी वर येतं.

2011 च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या 17,841 होती. बहुसंख्य निकोबारी, धर्माने बहुतेक ख्रिस्ती. 1956 च्या आदिम जमाती संरक्षण विनियमामुळे बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय इथे पाय ठेवता येत नाही आणि जमीन घेता येत नाही. शेतीच्या दृष्टीने या कायद्याचं मोल मोठं आहे. कोकण किनाऱ्यावर गेल्या तीस वर्षांत वाड्यांचे प्लॉट कसे पडले ते आपण पाहिलंय. इथे ते झालं नाही.

जमीन कोणाची? तुहेतची. तुहेत म्हणजे विस्तारित कुटुंब, काही पिढ्यांचा गोतावळा. माडाची बाग, कंदांचे मळे, डुकरं, होड्या, सणाचा खर्च, पाहुण्यांची सरबराई, सगळं तुहेतच्या पातळीवर ठरतं. वडीलधारी माणसं कोणी कुठे लागवड करायची ते सांगतात. गावाला कॅप्टन असतात, पहिला, दुसरा, तिसरा असे. ब्रिटिश अमदानीतला हा शब्द तिथे आता पुरता मुरला आहे. किनाऱ्यालगतची एल्पानाम ही गावाची सामाईक जागा. होड्या तिथे, सभा तिथे, सण तिथे. आत बेटाच्या पोटात बागा आणि मळे.

शेती आधीपासून ‘एकात्मिक’च होती

शास्त्रज्ञांच्या भाषेत एकात्मिक शेती म्हणजे एका घटकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचं अन्न होणं. निकोबारी माणसाला हे शिकवायला जाणं म्हणजे मालवणीला सोलकढी शिकवण्यासारखं आहे.

माडाचा नारळ गळतो. माणूस तो गोळा करतो. काही घरी खायला, काही खोबऱ्याला, काही डुकराला आणि कोंबडीला. सोडणं (नारळाची वरची सालं) आणि करवंट्या खोबरं सुकवायच्या धुरीत जळतात. ओल्या खोबऱ्यात निम्मं पाणी असतं, ते सहा-सात टक्क्यांवर आणावं लागतं. या पावसात उन्हावर भरवसा ठेवून ते होत नाही, धुरीच लागते. झाप छपराला, कुडाला. डुकरं दिवसभर मोकळी फिरतात, संध्याकाळी नारळ फोडल्याचा आवाज आला की घराकडे वळतात. मळ्याभोवती मात्र पक्कं कुंपण. आपल्याकडे जनावर बांधून ठेवतात आणि पीक मोकळं असतं. इथे जनावर मोकळं आणि पीक कुंपणात. आत कोनफळाच्या जातीचे मोठे कंद (यांना ‘निकोबारी आलू’ म्हणतात), अळू, रताळी, केळी, पपई, अननस. शिवाय केवड्याच्या कुळातला पांडनस. त्याचं भलंमोठं फळ उकडून, गर खरवडून त्याचा पिठूळ लगदा करतात. तांदूळ सर्रास मिळू लागण्यापूर्वी हे मुख्य अन्नांपैकी एक होतं. मासळी समुद्रातून.

पैशाची गरज तेव्हा कापड, तांदूळ, लोखंड, केरोसीन इतकीच होती. त्यासाठी नारळ आणि खोबरं जहाजांना द्यायचं. हा व्यापार शतकांचा आहे. एके काळी या बेटांवर नारळ हेच विनिमयाचं चलन होतं.

यात डुक्कर नेमकं काय काम करतं? नारळ साठवता येत नाही. गळून पडून राहिला की त्याला कोंब फुटतो, खोबरं केलं तर बुरशी लागते, आणि बोट कधी येईल ते समुद्र ठरवतो. मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. अशा वेळी माडाचं जास्तीचं पीक ठेवायचं कुठे? डुकरात. डुक्कर ही चालती कणगी आहे. तिच्यातला साठा कुजत नाही, उलट वाढतो, आणि हवा तेव्हा वापरता येतो. तो वापरायचा दिवस ठरलेला असतो: पूर्वजांच्या स्मरणाचा मोठा सण, लग्न, मर्तिक, नाताळ. एका तुहेतने आज दिलेलं मांस उद्या दुसऱ्या तुहेतच्या सणात परत येतं. होडी बांधायला, घर उभारायला माणसं लागतात तेव्हा तीही याच खात्यातून येतात. वरच्या हिशेबातले पस्तीस हजार रुपये बुडालेले नसतात, ते पैशात मोजता न येणाऱ्या येण्यांत गुंतलेले असतात.

यात भावुक होण्यासारखं काही नाही. हा शुद्ध विमा आहे, आणि त्याचा हप्ता नारळात भरतात.

26 डिसेंबर 2004

नाताळचा दुसरा दिवस, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि थोड्याच वेळात लाटा आल्या. कार निकोबार सपाट, आणि वस्ती किनाऱ्याला. किनारी गावं पुसली गेली. माणसं गेली, डुकरं गेली, होड्या गेल्या, एल्पानाम गेलं.

शेतीच्या दृष्टीने जास्त चिवट नुकसान लाटेचं नव्हतं, जमीन खचण्याचं होतं. निकोबार बेटं भूकंपात मीटरभर ते चार मीटरपर्यंत खाली बसली. ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट चार मीटरहून अधिक खचलं. कार निकोबार त्या मानाने कमी, मीटरच्या आसपास. पण सपाट किनाऱ्यावर एक मीटर म्हणजे बागेची अख्खी पट्टी कायमची समुद्रात. माड उभ्या उभ्या मेले. लाटेचं खारं पाणी ज्या जमिनीत शिरून परत गेलं ती दोन-तीन पावसाळ्यांत बऱ्यापैकी धुऊन निघाली, रेताड प्रवाळी जमिनीचा हा फायदा. जी पाण्याखाली गेली ती गेली.

2001 ला बेटाची लोकसंख्या 20,292 होती. दहा वर्षांनी ती अडीच हजारांनी कमी भरली. ही सगळी घट मृत्यूंचीच असं नाही, बाहेरचे काही लोकही परतले असणार. पण बेटाच्या आकाराला हे आकडे पुरेसे बोलके आहेत.

मदतीचा हिशेब

यानंतर मदत आली, आणि भरपूर आली. तांदूळ, साखर, डाळ, तेल, भांडी, रोख भरपाई, पत्र्याचे तात्पुरते निवारे, नंतर पक्की घरं. सरकारी यंत्रणेने अवघड जागी मोठं काम केलं हे मान्य करूनच पुढचं लिहितो.

मदतीचं एकक होतं कुटुंब, म्हणजे नवरा-बायको-मुलं. फॉर्मवर तोच रकाना असतो. भरपाईची रक्कम त्या कुटुंबाच्या खात्यात, घर त्या कुटुंबाच्या नावाने. तुहेत हा शब्द कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. ज्या घरात पूर्वी एका चुलीवर बरीच माणसं जेवत होती तिथे आता चार चुली आणि चार पासबुकं झाली. अभ्यासकांनी ही मोडतोड नोंदवून ठेवली आहे: तरुणांच्या हातात एकदम आलेली रोकड, वडीलधाऱ्यांच्या शब्दाचं घटलेलं वजन, मोटरसायकली, दारू, आणि मदत आटल्यावर उघडी पडलेली पोकळी.

जेवणही बदललं. कंद, पांडनस आणि मासळी यांच्या जागी तांदूळ-साखर आली. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पोर्ट ब्लेअर केंद्राच्या पाहण्यांत निकोबारींमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. त्याचं खापर एकट्या रेशनवर फोडता येणार नाही, पण परसातल्या कंदाचा प्रश्न हा आरोग्याचाही प्रश्न आहे एवढं त्यावरून दिसतं.

आणि घरांची जागा बदलली. किनारा सोडून वस्ती आत सरकली, म्हणजे जिथे बागा आणि मळे होते तिथे. आधी डुकरं घराभोवती आणि मळे लांब होते. आता घर, डुक्कर आणि मळा एकाच आवारात आले. कुंपणाचा खर्च आणि शेजाऱ्याशी होणारी भांडणं दोन्ही वाढणार हे सांगायला तज्ज्ञ नको.

योजना आली त्या दिवशी काय होतं

पोर्ट ब्लेअरची केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्था ही 1978 पासूनची. तिने आणि तिच्या कृषी विज्ञान केंद्राने निकोबारात परसबाग, कोंबड्या, डुकरं, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं अशा घटकांवर बरंच काम केलं. दक्षिण अंदमानात खारावलेल्या सखल शेतांत रुंद गादी आणि खोल चर ही पद्धत त्यांनी बसवली: गादीवर भाजी, चरात पाणी आणि मासे. कार निकोबारात तिला फारसा वाव नाही, कारण पाणी धरून ठेवणारी सखल चिकणमातीच नाही. इथे जे करायचं ते माडाखाली आणि घराच्या मागे.

सोयीसाठी एक घर डोळ्यांसमोर धरू. हे कुठलं खरं घर नाही, हिशेबाचं घर आहे: पाच माणसं, पत्र्याचं पक्कं घर, मागे थोडी जागा, आणि तुहेतच्या बागेत वाटा. माड नव्याने लावलेले. उंच जातीचा माड फळावर यायला सहा ते आठ वर्षं घेतो. 2006 ला रोप लावलं तर 2012-13 पर्यंत हातात काही नाही. माडच नाही तर डुकराला काय घालायचं? आणि डुक्कर नाही तर सण कसा करायचा? या सहा-सात वर्षांच्या खिंडीतून घर पार करणं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न होता. ‘उत्पन्न दुप्पट’ वगैरे गोष्टी त्यानंतरच्या.

कोंबडी

खिंडीत सगळ्यात लवकर कामी येते ती कोंबडी. आणि निकोबारकडे स्वतःची आहे: आखूड पायांची, गोल बांध्याची निकोबारी कोंबडी. तिथल्या नावाचा अर्थच ‘आखूड पायाची’ असा आहे. देशी जातींत ती अंड्यांसाठी नावाजलेली; चांगल्या निगराणीत वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी. आपल्याकडची गावठी कोंबडी साठ-सत्तरवर थांबते, हे लक्षात घेतलं की या पक्ष्याची किंमत कळते. संस्थेने तिच्यापासून ‘निशिबारी’ आणि ‘निकोरॉक’ हे संकर तयार केले, शिवाय हैदराबादची वनराजा ही सुधारित कोंबडीही बेटांवर पोहोचली.

संकर अंडी जास्त देतो, पण त्याच्या तोंडी रोज शंभर ग्रॅमच्या आसपास समतोल खाद्य पडावं लागतं. दहा कोंबड्यांना दिवसाला किलोभर, वर्षाला 365 किलो. हे खाद्य मुख्य भूमीवरून पोर्ट ब्लेअरला, तिथून बोटीने कार निकोबारला. जुलैत बोट आठ दिवस चुकली की अंडी थांबली. एकदा थांबलेली कोंबडी पुन्हा अंड्यावर यायला वेळ घेते आणि तोवर खातच राहते. निकोबारी कोंबडी त्या आठ दिवसांत किडे, वाळवी, पडकं खोबरं, घरचं खरकटं यांवर निभावते. बोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून असलेला पक्षी बेटाच्या घरात घालू नये, असं माझं मत आहे. चार अंडी कमी मिळाली तरी चालतील. शिवाय सरसकट संकर केला की मूळ जातच हरवते, आणि ती दुसरीकडे कुठे मिळायची नाही.

डुकराचं खुराडं

योजनांमधलं सर्वांत फसवं वाक्य म्हणजे ‘सुधारित वराहपालन: सिमेंटचा गोठा, बंदिस्त संगोपन’. स्वच्छतेसाठी हे चांगलंच आहे. मोकाट डुक्कर आणि उघड्यावरची शौचं एकत्र आली की पट्टकृमीचं चक्र सुरू होतं, ते तोडायलाच हवं. पण नारळाच्या खोबऱ्यात आहे काय ते पाहू. ओल्या खोबऱ्यात तेहतीस टक्क्यांच्या आसपास चरबी आणि प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. म्हणजे ताकद भरपूर, मांस बांधायचा माल नाही. मोकळं डुक्कर ती कसर जमीन उकरून भरून काढतं: गांडुळं, अळ्या, खेकडे, कोवळी मुळं. त्याला सिमेंटवर उभं केलं की ते फक्त नारळावर येतं, चरबट होतं पण वाढत नाही. मग प्रथिनांसाठी खाद्याची गोणी, आणि गोणी म्हणजे पुन्हा बोट.

यावर तोड बेटावरच आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. खोबरं गिरणीसाठी मुख्य भूमीवर गेलं की त्याची पेंडही जाते. खोबऱ्याच्या पेंडीत वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे बेट आपली प्रथिनं विकतं आणि गोणीत भरून परत विकत आणतं! तेल बेटावर काढलं तर पेंड बेटावर राहते. निकोबारी खोबरेलाला अलीकडे भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याची बातमी तेलाच्या किमतीसाठी झाली. मला त्यातली पेंड जास्त महत्त्वाची वाटते. नारळाच्या दुधापासून व्हर्जिन तेल काढताना मागे राहणारा चोथाही डुकराला चालतो, फक्त त्यात प्रथिनं पेंडीइतकी नसतात.

मधला मार्ग सोपा आहे. रात्री बंद, दिवसा कुंपणातल्या मोकळ्या पट्टीत. पट्ट्या दोन-तीन कराव्यात आणि आलटून पालटून वापराव्यात. डुकराने उकरलेली, खतावलेली पट्टी काही महिन्यांनी कंदाला मिळते. नांगर नाही, बैल नाही, डुक्करच नांगर. फक्त शेण-मूत ताजं असताना पालेभाजी तिथे लावू नये, कंद किंवा केळी लावावी.

आणखी एक धोका नोंदवायला हवा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 पासून ईशान्य भारतात आहे. मेलेली डुकरं मोजायला माणसं पुरली नाहीत अशा वर्णनांचा हा रोग, आणि त्याच्यावर आपल्याकडे लस नाही. बेट असण्याचा इथे मोठा फायदा होऊ शकतो, पण धक्क्यावर कोणी बाहेरचं डुक्कर आणि डुकराचं मांस अडवणार असेल तरच. ‘सुधारित जातीची पिल्लं’ मुख्य भूमीवरून आणून वाटण्याच्या उत्साहाला याच कारणासाठी आवर घातला पाहिजे.

पाणी आणि भाजी

घर पत्र्याचं आहे. उन्हाळ्यात आत भाजून निघायला होतं. जुनी मधाच्या पोळ्यासारखी गोल, खांबांवरची शाकारलेली झोपडी याहून कितीतरी थंड. पण पत्रा एक गोष्ट देतो: पाणी. 40 चौरस मीटर छपरावर तीन मीटर पाऊस म्हणजे 1,20,000 लिटर. गळती-वाहती धरून लाखभर समजा. अडचण साठवण्याची. 50 चौरस मीटर भाजीला कोरड्या दिवसांत चौरस मीटरला रोज चार लिटर धरले तर दिवसाला 200 लिटर, शंभर दिवसांना 20,000. पाच हजारांची टाकी पंचवीस दिवसांत रिकामी. म्हणून टाकी बघून वाफे ठरवावेत. वाफे ठरवून मग टाकी शोधली की विहिरीला पंप लागतो आणि खालचा खार वर येतो. कोरड्या महिन्यांत बारा-तेरा चौरस मीटर पुरे. मिरची, वांगी, चार वेल, पालेभाजी. शेवगा आणि पपई यांना फार पाजावं लागत नाही. बाकी जागा कंदांची, ती पावसावर.

बागेत उगवलेला शत्रू

लाटेने पाडलेले, खारं पाणी लागून मेलेले माड वर्षानुवर्षं तसेच कुजत पडले. कुजका माड म्हणजे गेंड्या भुंग्याची बाळंतखोली. अळ्या कुजक्या खोडात वाढतात, भुंगा उडून नव्या रोपाच्या सुरळीत (न उलगडलेल्या कोवळ्या पानांत) शिरतो आणि कोंब खातो. वरचा झाप उलगडला की त्याला कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी नक्षी दिसते. कोकणात ही नक्षी पाहिली नाही असा बागायतदार नसेल. मोठा माड त्यातून सावरतो. दोन-तीन वर्षांचं रोप मरतं.

घटक एकमेकांत कसे अडकतात याचं याहून चांगलं उदाहरण नाही. हाच भुंगा खताच्या खड्ड्यातही वाढतो. योजनेने घरामागे कंपोस्टचा खड्डा दिला आणि वीस पावलांवर माडाची नवी रोपं लावायला सांगितली, तर आपण भुंग्याला घर आणि जेवण दोन्ही एका आवारात दिलं. उपाय अवघड नाहीत. पडकी खोडं चिरून जाळायची किंवा धुरीच्या लाकडात वापरायची, खड्डा दर दीड-दोन महिन्यांनी उलथायचा म्हणजे अळ्या कोंबड्या वेचतात, आणि खड्ड्यात मेटारायझियम ही अळ्या मारणारी हिरवी बुरशी सोडायची. सुरळीतला भुंगा आकड्याने ओढून काढायचा. पण हे सगळं एका घराने करून भागत नाही, भुंगा उडतो. अख्ख्या गावाने एका आठवड्यात खोडं साफ केली पाहिजेत. आणि असं काम तुहेत आणि कॅप्टन करवून घेऊ शकतात, लाभार्थी कुटुंब नाही.

माडांमधली अंतरं हाही एक तिढा होता. जुनी बाग म्हणजे गळलेला नारळ जिथे रुजला तिथे माड, दाटीवाटीने. नवी लागवड साडेसात मीटरवर केली तर हेक्टरी 177 माड बसतात आणि खाली पहिली पाच-सहा वर्षं भरपूर ऊन मिळतं. रत्नागिरीच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ रूढ केली ती याच मोकळ्या जागेवर: माडाखाली जायफळ, दालचिनी, मिरी. निकोबारात मसाल्यांचा प्रयोग होऊ शकतो, झालाही आहे. पण खिंडीच्या वर्षांत मला तिथे केळी आणि कंदच दिसतात. जायफळ खाता येत नाही.

विकायचं काय

याबद्दल थोडक्यात. भाजी, अंडी यांना बेटावरच गिऱ्हाईक आहे: सरकारी कर्मचारी, शाळा, हवाई दलाचा तळ. हे गिऱ्हाईक आजवर बोटीने आलेली शिळी कोबी आणि कांदे-बटाटे खात आलंय. बेटाबाहेर जायला तेल, सुकं खोबरं आणि सुपारी. अंडी पोर्ट ब्लेअरला पाठवायच्या गोष्टी कोणी करू लागलं तर त्याला एकदा जुलैच्या बोटीत बसवावं.

मोजायचं कुणाला

जोडशेतीच्या अहवालात शेवटी एक तक्ता असतो: प्रति कुटुंब उत्पन्न, आधी आणि नंतर. आपल्या हिशेबाच्या घरात अंडी, भाजी, थोडं खोबरं मिळून आकडा वाढलेला दिसेल आणि डुकराच्या रकान्यात उणे चिन्ह येईल. तुहेतच्या पातळीवर तोच तक्ता मांडला तर चित्र वेगळं दिसतं. चार चुलींनी मिळून सहा डुकरं ठेवली, दोन सणाला गेली, त्याबदल्यात कुंपणाला आणि खोडं चिरायला वीस माणसं आठ दिवस आली. ही मजुरी कुठल्याच तक्त्यात येत नाही, आणि ती नसती तर कुंपण झालं नसतं.

म्हणून या प्रकरणात मला योजनेचा क्रम उलटा मांडावासा वाटतो. आधी कॅप्टन आणि तुहेतची वडीलधारी माणसं यांच्याशी बोलून सामाईक गोष्टी: खोडांची सफाई, डुकरांच्या पट्ट्यांची कुंपणं, तेलाचा लहान घाणा, धक्क्यावरची तपासणी. नंतर घरोघरच्या: टाकी, वाफे, कोंबड्या. आज बहुतेक ठिकाणी दुसरी यादी आधी येते, कारण ती वाटता येते आणि वाटतानाचा फोटो काढता येतो.

एक प्रश्न मात्र उरतोच आणि तो कृषी खात्याच्या हातातला नाही. पक्क्या घराच्या आवारात 2006 च्या आसपास लावलेले माड आता भरात आहेत. घर नवरा-बायकोच्या नावाने, जमीन तुहेतची. खाली पडलेला नारळ कोणाच्या डुकराने खायचा? कोकणात जमीन एकाची आणि माड दुसऱ्याचा यावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत. कार निकोबारात असा वाद अजून वडीलधारी माणसं बसून सोडवतात, पण ज्यांच्या हातात पासबुक आहे ती पिढी आता चाळिशीला आली आहे.